ट्रॅव्हल नर्स व्हायचंय: आधी गल्फ की थेट अमेरिका?

नाइट संपवून चेंजिंग रूममध्ये आलं की ज्युनिअर मुली हमखास विचारतात, “सिस्टर, ट्रॅव्हल नर्स व्हायला काय लागतं?” मनात अमेरिका असते आणि घरचे म्हणत असतात, गल्फला जा, लवकर होईल. दोन्ही वाटांवर माझ्या मैत्रिणी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स म्हणजे एजन्सीमार्फत, साधारण १३ आठवड्यांच्या करारावर, आज या हॉस्पिटलात तर उद्या त्या. मुंबईतून थेट त्या कामावर सहसा कोणी जात नाही. आपल्या मुली ईबी-३ या नोकरीवर आधारित व्हिसा वर्गातून ग्रीन कार्डावर (कायम राहण्याच्या परवान्यावर) जातात, एका हॉस्पिटलात दोन-तीन वर्षांचा करार पुरा करतात आणि मग ट्रॅव्हलला लागतात. भारतीयांसाठी या व्हिसाची रांग सध्या दहा वर्षांहूनही लांब आहे. गल्फमध्ये एकाच हॉस्पिटलचा करार असतो, पण कागद नीट असतील तर बरंच लवकर जाता येतं.

शिक्षणाचा घोळ फारसा नाही. तीन वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं चालू रजिस्ट्रेशन, हे दोन्हीकडे लागतं. जीएनएमवालीने केवळ परदेशासाठी आयसीयू सोडून दोन वर्षं पोस्ट बेसिकला (जीएनएमनंतरच्या बीएस्सीला) बसावं का? माझं मत, नको. अनुभवात पडलेला खंड जास्त महागात पडतो.

परीक्षेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन, म्हणजे तिथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा: पाच तास, ८५ ते १५० प्रश्न. सेंटर मुंबईतच आहे. “चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल?” अशा धाटणीचे प्रश्न येतात, नुसत्या पाठांतरावर ते सुटत नाहीत. शिवाय व्हिसासाठी लागणाऱ्या व्हिसास्क्रीन प्रमाणपत्रासाठी इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएस दिली तर एकूण ६.५ आणि बोलण्यात ७ हवेत. गल्फसाठी प्रोमेट्रिक या कंपनीमार्फत होणारी पर्यायी उत्तरांची लायसन्स परीक्षा, जास्त सरळ. आयईएलटीएस तिथे सहसा मागत नाहीत.

आता अनुभव, कारण गाडी खरी इथे अडते. एनक्लेक्सला बसायला अनुभवाची अट नाही, हे अनेकींना ठाऊकच नसतं. नोकरी देणारा मात्र अनुभव बघतो. गल्फमध्ये सहसा दोन वर्षं मागतात. अमेरिकेतल्या ट्रॅव्हल एजन्सीला त्याच युनिटमधली अलीकडची एक-दोन वर्षं हवी असतात, कारण तिथे शिकवत बसायला कोणी नसतं. एखाद-दुसऱ्या दिवसात वॉर्ड समजून घेऊन पेशंट हातात. म्हणून आयसीयू, कॅज्युअल्टी किंवा ओटी धरा आणि टिकून राहा. बीएलएस, एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याचे कोर्स) करून ठेवा. दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं. नर्सिंग ब्युरोतर्फे पेशंटच्या घरी जाऊन केलेल्या ड्युट्या बेडसाइड अनुभवात सहसा धरत नाहीत.

आणि अनुभव कागदावर हवा. उपनगरातल्या एका छोट्या हॉस्पिटलने मला दोन ओळींचं पत्र दिलं होतं: “काम समाधानकारक.” वॉर्ड कुठला, बेड किती, तारखा काय, काहीच नाही. गल्फसाठी डेटाफ्लो ही कागदपत्रं पडताळणारी कंपनी थेट हॉस्पिटलकडे चौकशी करते. माझ्या वेळी त्यांच्या ईमेलला उत्तरच गेलं नाही. एचआरमधली माणसं बदलली होती. नाइट करून चार वेळा लोकलने गेले, तेव्हा कुठे नवं पत्र मिळालं. तुम्ही राजीनाम्याच्या दिवशीच सगळं लिहून, सही-शिक्क्यासकट घ्या.

गल्फला जाताना आणखी एक. २०१५ पासून सौदी, कुवेत, यूएईसारख्या १८ देशांसाठी ईसीएनआर पासपोर्ट (परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरीतून एरवी सूट देणारा) असला तरी नर्सला ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मंजुरी लागते. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. कोणी लाखांत बोलायला लागला तर तिथूनच उठा.

घरावर कर्ज असेल, वर्षभरात पगार वाढायलाच हवा असेल, तर गल्फ. आयसीयूत हात बसलाय, बरीच वर्षं थांबायची तयारी आहे, तर आजच एनक्लेक्सचा अभ्यास सुरू करा. माझ्या बॅचची एक मैत्रीण दोन्ही सांभाळतेय: सौदीत आयसीयूची ड्युटी चालू आहे, त्यामुळे अनुभवात खंड नाही, आणि अमेरिकेची फाइल रांगेत पुढे सरकतेय.