ट्रान्सपोर्टेशनमधलं एम.टेक. : दीड वर्षानंतरचा अनुभव

पुण्यातल्या एका कॉलेजात ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंगच्या एम.टेक.ला मी २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रवेश घेतला. तीन सत्रं झाली, चौथं प्रबंधाचं चालू आहे. त्याआधी सिव्हिलची पदवी आणि चार वर्षं रस्त्याच्या ठेकेदाराकडे साइट इंजिनिअरची नोकरी. प्रवेश घ्यायच्या वेळी असा एखादा मोकळेपणाने लिहिलेला अनुभव मी खूप शोधला होता. मिळाला नाही, म्हणून आता स्वतःच लिहिते आहे.

नोकरीत असताना मी कोथरूडहून हडपसरला बसने जायचे. दिवसभर रस्ता रुंद करायचं काम करायचं आणि संध्याकाळी त्याच शहरात सव्वा तास बसमध्ये उभं राहायचं. रुंद झालेल्या रस्त्यावरूनही बसला पूर्वीइतकाच वेळ का लागतो, हे साइटवर कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं, 'गाड्या वाढल्या'. त्यापुढचं उत्तर मला हवं होतं. ते मिळालं, पण वर्गात थोडं आणि चौकात, थांब्यावर, डेपोत जास्त.

पहिल्या सत्रात ट्रॅफिक इंजिनिअरिंग आणि ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग हे दोन विषय मनापासून शिकवले गेले. चार टप्प्यांचं मॉडेल (कुठून किती फेऱ्या निघतात, कुठे जातात, कशाने जातात, कोणत्या रस्त्याने जातात) सरांनी आठवडाभर फळ्यावर मांडलं. त्यातला तिसरा टप्पा, म्हणजे माणूस बस घेतो की दुचाकी, हा मला सगळ्यांत आवडला. डॅनियल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या निवडीच्या गणितासाठी. सॅन फ्रान्सिस्को भागात बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी त्यांनी अंदाज बांधला होता की ६.३ टक्के लोक ती वापरतील. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. हे ऐकलं त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं. माणसांच्या सवयी आकड्यांत इतक्या नेमक्या बसू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सिग्नलचंही तसंच. सिग्नलच्या वेळा ठरवण्याचं वेबस्टर या संशोधकाचं १९५८ चं सूत्र आजही शिकवतात. चार फेजच्या चौकात (फेज म्हणजे एकेका बाजूला हिरवा दिवा मिळण्याची पाळी) दर फेजला ४ सेकंद वाया जातात असं धरलं, तर एकूण १६ सेकंद. चौकावरचा भार त्याच्या क्षमतेच्या ०.८ असेल तर सिग्नलचं एक चक्र, म्हणजे सगळ्या पाळ्यांची एक फेरी, १४५ सेकंदांचं येतं. भार ०.९ झाला की तेच २९० सेकंद. भार जरासाच वाढला आणि ताटकळणं दुप्पट झालं. चौकातला सिग्नल तीन-तीन मिनिटं का सुटत नाही, हे मला या एका उदाहरणात कळलं.

आता नळस्टॉपची सकाळ. दुसऱ्या सत्रात टर्निंग मूव्हमेंट काउंट होता, म्हणजे चौकात कुठून आलेली किती वाहनं कुठे वळतात याची मोजणी. कर्वे रस्ता, लॉ कॉलेज रस्ता आणि म्हात्रे पुलाकडचा रस्ता मिळतात तिथे सकाळी ८ ते १२. वर उड्डाणपूल, त्याच्या वर मेट्रो आणि खाली आम्ही चौदा जण पॅडला लावलेले फॉर्म घेऊन. दर पंधरा मिनिटांची एक रांग. दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो, बस, सायकल असे रकाने. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. माझ्याकडे म्हात्रे पुलाकडून येऊन डावीकडे वळणारी वाहनं होती. पहिल्या दहा मिनिटांतच कळलं की दुचाकी रेघांनी मोजणं अशक्य आहे. त्या एकेक येत नाहीत, झुंडीने येतात. मग मैत्रिणीने क्लिकर हातात घेतला आणि मी बाकीची वाहनं लिहिली.

साडेआठच्या सुमाराला मेट्रोच्या जिन्यावरून माणसं उतरायला लागली. ती रस्ता ओलांडत होती, काही सिग्नल बघून, बरीचशी फट बघून. एक आजी नातवाचा हात धरून दुभाजकापर्यंत आल्या आणि तिथे दोन चक्रं उभ्या राहिल्या. मी त्यांना कुठल्या रकान्यात लिहू म्हणून फॉर्म बघितला. पायी चालणाऱ्यांचा रकानाच नव्हता. आम्ही कागदाच्या समासात रेघ ओढून तो तयार केला. पादचाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे २४ मीटरचा रस्ता ओलांडायला २० सेकंद. आजींचा वेग आम्ही घड्याळ लावून मोजला तेव्हा ०.७ च्या आसपास आला. म्हणजे त्यांना ३४ सेकंद लागणार. त्यांच्यासाठी तेवढा हिरवा दिवा त्या चक्रात कुठेच नव्हता. दुपारी सरांना समासातले आकडे दाखवले. त्यांनी ते नीट वाचले आणि पुढच्या काउंटच्या फॉर्मवर तो रकाना छापून घेतला. अशा सरांमुळेच मी हा कोर्स सोडला नाही.

मोजणी झाल्यावर सगळी वाहनं पीसीयूमध्ये, म्हणजे कारच्या मापात, बदलायची असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या आयआरसी १०६ या मार्गदर्शिकेत कार १, दुचाकी ०.५ किंवा ०.७५ आणि बस २.२ किंवा ३.७, एकूण वाहतुकीत त्या-त्या वाहनाचा वाटा किती त्याप्रमाणे. त्या तक्त्यात टांगासुद्धा आहे. २०१७ च्या इंडो-एचसीएममध्ये, म्हणजे रस्त्यांच्या क्षमतेच्या भारतीय मार्गदर्शिकेत, हे बरंच सुधारलं आहे. पण मुळातली गोष्ट बघा : या मापात बस म्हणजे रस्ता अडवणाऱ्या दोन ते चार कार. तिच्यातली साठ माणसं हिशेबात येतच नाहीत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने स्पष्ट म्हटलं आहे की वाहनं नव्हे, माणसं हलवायची आहेत. आमच्या एक्सेल शीटमध्ये मात्र सगळ्यांत शेवटी जो आकडा येतो, तो कारचाच. मी आता प्रत्येक चौकासाठी शेजारी दुसरा तक्ता ठेवते, प्रत्येक वाहनातल्या माणसांचा. नळस्टॉपच्या त्या सकाळचे दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, तर बसचा क्रम वेगळाच येतो.

आता तक्रार. पहिल्या दोन सत्रांत जेवढे तास डांबर, खडी आणि पेव्हमेंटच्या, म्हणजे रस्त्याच्या, थरांना मिळाले, त्याच्या पाव हिश्श्याइतकेही बस आणि मेट्रो चालवायच्या कशा याला मिळाले नाहीत. पब्लिक ट्रान्सपोर्ट हा विषय इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक, होता. तो आम्ही पाचच जणांनी मागितला, किमान आठ लागतात, म्हणून उघडलाच नाही. ज्या शहरात पीएमटी आणि पीसीएमटी या पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा २००७ मध्ये एकत्र होऊन पीएमपी झाली, २००६ मध्येच कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (बसला स्वतंत्र मार्गिका) सुरू झाली आणि आमचं पहिलं सत्र चालू असताना, २९ सप्टेंबर २०२४ ला, स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो पोहोचली, त्या शहरात हा विषय तीन विद्यार्थ्यांअभावी बंद राहावा याचं मला खरंच वाईट वाटलं. मी अर्ज दिला, विभागात दोनदा भेटले. नियम दाखवला गेला.

मग मी आणि एक मैत्रीण अशा आम्ही दोघी एका बस डेपोत गेलो. परवानगीला तीन आठवडे लागले. तिथे टाइमकीपर काकांनी जे शिकवलं, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यांनी जुन्या शेड्यूलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने मांडलं : एका बाजूने जायला ५० मिनिटं, दर टोकाला १० मिनिटं थांबा, म्हणजे जाऊन-येऊन १२० मिनिटं. दर १० मिनिटांनी गाडी हवी तर १२ गाड्या. 'आता ताई, रस्त्यावर गर्दी झाली आणि ५० ची ६० झाली, तर?' मी हिशेब केला, १४० मिनिटं, १४ गाड्या. 'बरोबर. पण माझ्याकडे १२ च आहेत. म्हणजे दर १० मिनिटांची गाडी जवळजवळ १२ मिनिटांनी येणार. थांब्यावर माणसं जास्त साठणार, चढायला वेळ जास्त लागणार, गाडी आणखी मागे पडणार आणि मागची तिला येऊन चिकटणार.'

माझ्या हडपसरच्या बसचं उत्तर मला तिथे मिळालं. बसला स्वतःची मार्गिका असेल तर त्या दोन गाड्या वाचतात. खरेदी न करता मिळालेल्या दोन गाड्या, चालक-वाहकांसकट! आणि दोन गाड्या चिकटून आल्या की दर १० मिनिटांच्या सेवेत सरासरी ५ मिनिटं थांबणारा माणूस १० मिनिटं थांबतो, गाड्यांची संख्या तेवढीच असून. थांब्यावर उभं राहिलेलं मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटापेक्षा किती जड जातं, हे निवडीच्या मॉडेलमध्ये आकड्यांनी शिकले होते. डेपोत ते माणसांच्या तोंडून ऐकलं. काकांनी मला सकाळपाळीच्या एका गाडीत बसवून पूर्ण खेप करायला लावली, दर थांब्यावर चढले किती, उतरले किती लिहीत. शाळेच्या थांब्यावर दप्तरं घेतलेली मुलं चढली तिथे गाडी दीड मिनिट उभी होती.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. विसिम हे वाहतुकीचं संगणकावर अनुकरण करणारं सॉफ्टवेअर शिकवतात, पण लॅबमध्ये अठरा जणांना चारच लायसन्स होती. शिवाय ते मुळात लेन पाळणाऱ्या वाहतुकीसाठी घडवलेलं आहे. आपल्याकडे एका लेनच्या रुंदीत तीन दुचाकी शेजारी-शेजारी जातात, त्यासाठी बाजूच्या अंतराचे आकडे स्वतः मोजून बसवावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढे कन्सल्टन्सीत हेच विचारतात. पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि जीआयएस (संगणकावरचे नकाशे) मात्र स्वतःच शिका. कॉलेजची वाट बघू नका.

आठ आठवड्यांची इंटर्नशिप एका सल्लागार कंपनीत झाली. त्यातले पहिले पाच आठवडे दुसऱ्यांच्या काउंटचे कागद टाइप करण्यात गेले. सहाव्या आठवड्यात एका चौकाचे आकडे जुळत नाहीत हे मी दाखवलं, तेव्हा कुठे साइटवर नेलं. हा फक्त माझाच अनुभव नाही, वर्गातल्या तिघांनी असंच सांगितलं. जाण्याआधी कामाचं स्वरूप लेखी मागून घ्या.

पैशांचं बोलायचं तर गेट ही प्रवेशपरीक्षा पास असाल तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड आहे. पुण्यात खोली घेऊन त्यात भागत नाही. माझं घर इथेच असल्याने निभावलं. हातात आलेली नोकरीची ऑफर माझ्या जुन्या पगारापेक्षा किंचित कमी आहे. काम सिग्नल आणि बसथांब्यांच्या आराखड्यांचं आहे, म्हणून मी हो म्हटलं.

ज्यांना रस्ता बांधण्यात रस आहे त्यांना असा कोर्स बिनधास्त सुचवेन. ज्यांना माझ्यासारखं वाहतूक चालवण्याचं काम शिकायचं आहे, त्यांनी आयआयटी मुंबईचं ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स इंजिनिअरिंग, दिल्लीच्या एसपीएचं (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं नियोजनाकडे झुकणारं शिक्षणही बघावं. आणि पुण्यातच राहायचं असेल तर भोसरीची सीआयआरटी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) विसरू नका. ती संस्था खास रस्ते परिवहनासाठीच आहे.

कुठलंही कॉलेज निवडण्याआधी एक दिवस काढून विभागाच्या ग्रंथालयात जा आणि मागच्या बॅचचे प्रबंध उघडून बघा. मी हे प्रवेशानंतर केलं. नऊपैकी सहा डांबराच्या मिश्रणावर होते, दोन अपघातांवर, एक पार्किंगवर. बसवर एकही नव्हता. माझा आता त्या कपाटात जाईल.