नाताळात चर्चला यायचंय, पण कुठल्या? पुण्यातल्या नाताळ ते ईस्टरच्या कार्यक्रमांची तुलना

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी मला जिन्यात गाठून विचारतं, "आम्ही आलो तर चालतं का हो तुमच्या चर्चमध्ये?" चालतं. दार उघडंच असतं, पास लागत नाही, कुणी जात-धर्म विचारत नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पुण्यात इतकी चर्चेस, त्यात कॅथलिक वेगळे, सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रॉटेस्टंट, वेगळे, शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत सर्वधर्म प्रार्थनांची निमंत्रणं येतात. यातल्या एखाद-दोन ठिकाणीच जाणं जमणार असेल, तर जावं कुठे?

मी माहेरची नगरची, ख्रिस्ती घरातली. तीस वर्षं पुण्यात आहे आणि यातल्या बहुतेक ठिकाणी जाऊन बसले आहे. माझी कसोटी एकच. कार्यक्रम आटोपल्यावर लोक थांबतात का? चहाचा कप हातात घेऊन अनोळखी माणसाशी बोलतात का? ज्यांना ख्रिस्ती माणसं भेटायला हवी आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांना रोषणाई पाहायची आहे त्यांना लष्कर भागातून एक फेरी मारली तरी पुरते, आणि तीही सुंदर असते.

मध्यरात्रीची मिस्सा की सकाळची मराठी उपासना

सगळ्यात जास्त लोक विचारतात ते 24 डिसेंबरच्या रात्रीच्या मिस्सेबद्दल, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेबद्दल. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, ती रात्र गुरुवारी येते. कॅथलिक चर्चेसपैकी दोन नावं हमखास पुढे येतात. एक एम्प्रेस गार्डनजवळचं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल, पुणे धर्मप्रांताच्या बिशपांचं मुख्य चर्च, 1850 चं. दुसरं नाना पेठेतलं सिटी चर्च. सिटी चर्च 1792 चं, पुण्यातलं सगळ्यात जुनं. त्याची जागा सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी दिली, आपल्या फौजेत चाकरीला असलेल्या गोव्याकडच्या कॅथलिकांना प्रार्थना करता यावी म्हणून. पेठांच्या पुण्यात चर्च उभं राहिलं ते पेशव्यांच्या जमिनीवर, हे मी ज्या ज्या शेजाऱ्याला सांगितलं त्याला नवीन होतं.

सेंट पॅट्रिक्सला गर्दी मोठी, गायनवृंद तयारीचा, भाषा प्रामुख्याने इंग्रजी. संगीत ऐकायचं असेल, इंग्रजी नीट कळत असेल आणि गर्दीत उभं राहायची तयारी असेल तर इथे जा. सिटी चर्चला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होतात, त्यामुळे आधी फाटकावरचा फलक वाचून या. "मध्यरात्रीची" म्हणत असले तरी मिस्सा बऱ्याच ठिकाणी बाराच्या बऱ्याच आधी सुरू होते. बारा वाजता पोहोचलेली माणसं मी घराकडे परतणाऱ्या लोंढ्यात अडकलेली पाहिली आहेत.

माझ्या कसोटीला मात्र ही रात्र कमी पडते. मिस्सा संपली की लोक एकमेकांना मिठ्या मारतात, "हॅपी ख्रिसमस" म्हणतात आणि घरी जातात, कारण घरी पाहुणे असतात आणि सकाळचा स्वयंपाक असतो. नव्या माणसाला सुंदर रात्र मिळते, ओळख मिळत नाही.

याच्या उलट 25 तारखेची सकाळ. गुरुवार पेठेत पंचहौदला जे पवित्र नाम देवालय आहे, तिथली मराठी उपासना. ही सीएनआयची इमारत, 1885 ची, बाजूला उंच घंटेचा मनोरा. पूर्वी इथे पाण्याचे पाच हौद होते, त्यावरून पंचहौद. उपासना मराठीत, उपदेश मराठीत, गाण्यांमध्ये पेटी-तबल्यावर म्हणायची अभंगाच्या चालीची भजनं असतात. पहिल्यांदा आलेल्या मराठी माणसाच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव येतो. शब्द नवे, चाल ओळखीची. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा दुसऱ्या कडव्यापासून टाळ्यांवर ठेका धरून गात होत्या.

आणि इथे लोक थांबतात. अंगणात चहा होतो, कुणी डब्यातून करंज्या आणतं. मराठी ख्रिस्ती घरात नाताळला केकबरोबर करंज्या, चकल्या, अनारसेही होतात. गोव्याकडच्या घरात नेवऱ्या, कलकल आणि दोदोल. फराळाच्या ताटावरूनच निम्म्या गप्पा सुरू होतात.

पंचहौदचा चहा हा नुसता चहा नाही, हे पुणेकराला सांगायला नको, पण नव्या पिढीला सांगावं लागतं. 1890 मध्ये इथल्या मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी आली, त्यात न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. पुढे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापली आणि गावात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्काराची भाषा झाली, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कपासाठी! आज त्याच आवारात कुणीही कुणाच्याही हातचा चहा घेतं आणि त्याची बातमी होत नाही. मला दरवर्षी तो कप हातात घेताना आतून भरून येतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एकच ठिकाण निवडायचं असेल तर मध्यरात्र सोडा आणि सकाळी मराठी उपासनेला या.

एक गोष्ट आधी समजून घ्या

कुठेही गेलात तरी कम्युनियन किंवा प्रभुभोजनाची वेळ येते. लोक रांगेने पुढे जातात, त्यांना भाकर किंवा गोल पापुद्रा दिला जातो. हा देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांसाठी नसतो. कॅथलिक चर्चमध्ये तो फक्त तयारी करून दीक्षा घेतलेल्या कॅथलिकांसाठी असतो, सीएनआयमध्ये बाप्तिस्मा झालेल्या सभासदांसाठी. काही वर्षांपूर्वी मी एका मैत्रिणीला रात्रीच्या मिस्सेला नेलं आणि हे सांगायचं विसरले. ती प्रसाद समजून भक्तिभावाने रांगेत उभी राहिली. फादरनी तिचा गोंधळ ओळखून डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला, पण परत येताना तिचा चेहरा उतरला होता. ती चूक माझी होती. तेव्हापासून पाहुण्यांना मी आधीच सांगते: रांगेत गेलात तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घ्या, म्हणजे फक्त आशीर्वाद मिळतो. किंवा बसून राहा, कुणालाही वावगं वाटत नाही.

बाकी सोपं आहे. चपला सहसा काढाव्या लागत नाहीत. सगळे उभे राहिले की उभं राहा, गुडघे टेकणं तुमच्यावर नाही. दानाची थैली फिरते, तिच्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रार्थना चालू असताना फोन वर करून चित्रीकरण करू नका. शेजारच्या बाकावर कुणी रडत असू शकतं.

कॅरल फेरी

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, यंदा 29 नोव्हेंबरला सुरू होतो. त्यानंतर चर्चमधली तरुण मंडळी संध्याकाळी घरोघर कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणत फिरतात. गिटार, ढोलक, लाल टोपीतला सांता, मागे टेम्पो. चर्चपर्यंत यायला ज्यांना संकोच वाटतो, घरात म्हातारं माणूस आहे किंवा लहान मूल रात्री थांबत नाही, त्यांनी याचा विचार करावा. ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाला आधी सांगून ठेवा, फेरी तुमच्या दारीही येईल. दहा मिनिटं गाणी, छोटी प्रार्थना, मग गरम काहीतरी प्यायला द्या. पाहुणचार तुमच्या घरी आणि तुमच्या पद्धतीने होतो, म्हणून काही घरांना हेच सगळ्यात सोयीचं पडतं.

जानेवारीचा सप्ताह की फेब्रुवारीचा

या दोघांत लोकांचा गोंधळ होतो, कारण दोन्हीकडे "ऐक्य" आणि "सलोखा" हे शब्द येतात.

18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह. 1908 पासूनची प्रथा. यात कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, मार थोमा अशी मंडळी सहसा एकमेकांच्या चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करतात. ख्रिस्ती लोकांत इतके पंथ का, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी इथे यावं. सीएनआय हेच त्या प्रश्नाला दिलेलं एक उत्तर आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन ती झाली. हे कार्यक्रम लहान असतात, बहुतेक लोक एकमेकांना ओळखतात आणि नवा चेहरा दिसला की कुणीतरी चौकशी करतंच. माझ्या अनुभवात इथे ओळखी सगळ्यात लवकर होतात. तरी विषय चर्चच्या आतला असतो, इतर धर्मांचा नसतो.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा जागतिक आंतरधर्मीय सलोखा सप्ताह. जॉर्डनच्या राजांनी मांडलेला प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांनी 2010 मध्ये मान्य केला, पुढच्या वर्षापासून तो पाळला जातो. त्या सुमारास किंवा 30 जानेवारीला गांधीजींच्या स्मृतिदिनी सर्वधर्म प्रार्थना होतात.

इथे मला मनापासून सांगायचं आहे, कारण माझी निराशा इथेच झाली आहे. एका सभागृहातल्या अशा कार्यक्रमाला मी गेले होते. सात धर्मांचे सात प्रतिनिधी, सगळ्यांनी मिळून दीप लावला, प्रत्येकाचं दहा मिनिटं भाषण, प्रत्येकाने आपल्या धर्मात शांतीला किती महत्त्व आहे ते सांगितलं, शाल-श्रीफळ, फोटो, आभार. माझ्या डावीकडे हिजाबमधली एक मुलगी होती, उजवीकडे पगडीतले एक आजोबा. दोन तासांत आम्हा तिघांत एक शब्द बोलायची जागा कार्यक्रमाने ठेवली नव्हती. आम्ही तसेच उठून गेलो.

त्यामुळे निमंत्रण आलं की दोन गोष्टी पाहा. श्रोत्यांना बोलायला वेळ आहे का, आणि शेवटी एकत्र खाणं-पिणं आहे का. लहान खोलीत वीस जण गोलात बसणार असतील तर तिथे जा, दुसरीकडे मंचावर कितीही मोठी नावं असली तरी तिकडे वळू नका. पुण्याला ही परंपरा आहे. जर्मनीहून आलेले जेझुइट या कॅथलिक संघातले फादर मॅथ्यू लेदर्ले मराठी शिकले, महाराष्ट्राच्या विचारपरंपरेचा अभ्यास केला आणि ऐन शनिवार पेठेत, पेठेतल्या माणसांशी संवाद व्हावा म्हणून स्नेहसदन उभं केलं. शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमही त्याच जातीचा. इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांचा ख्रिस्त सेवा संघ 1920 च्या दशकात नगर जिल्ह्यातून तिथे आला, जमिनीवर बसून प्रार्थना आणि साधं राहणं घेऊन. अशा जागांत कार्यक्रम असेल तर मी भाषणांची यादीसुद्धा विचारत नाही.

खास बायकांसाठी म्हणून एक दिवस सुचवते: मार्चचा पहिला शुक्रवार, जागतिक प्रार्थना दिन, 2027 मध्ये 5 मार्चला. सगळं बायकाच चालवतात आणि दरवर्षी एका वेगळ्या देशातल्या बायका प्रार्थना तयार करतात. आईला किंवा सासूबाईंना घेऊन यायला उत्तम.

गुड फ्रायडे की ईस्टर

2027 मध्ये राखेचा बुधवार, आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 10 फेब्रुवारीला आहे आणि रमजानही त्याच आठवड्यात सुरू होतोय. चाळीस दिवसांचा आमचा उपवासकाळ आणि त्यांचे रोजे जवळजवळ एकत्र चालणार. ज्यांना दोन्हीकडे जायचं आहे त्यांनी या वर्षी ओळखीच्या घरचा इफ्तार चुकवू नये. सूर्यास्ताला खजूर हातात घेऊन वाट पाहणाऱ्या ओळीत बसलं की उपवासाबद्दल भाषणाची गरज उरत नाही.

गुड फ्रायडे 26 मार्चला, ईस्टर 28 ला, होळीच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, असा ईस्टरचा हिशेब असतो. गुड फ्रायडेला मराठी चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर मनन होतं. घंटा नाही, सजावट नाही. नव्या माणसाने पहिल्यांदा इथे येऊ नये असं पूर्वी मला वाटायचं. आता वाटत नाही. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल, मन जड असेल, तर नाताळच्या गोंगाटापेक्षा हे तीन तास जास्त जवळचे वाटतात. ओळख करून घ्यायला मात्र हा दिवस नव्हे, लोक बोलत नाहीत. त्यासाठी ईस्टरची पहाट आहे. अंधारात सुरू होते, उजाडताना संपते आणि त्यानंतरचा चहा वर्षातला सगळ्यात मोकळा असतो.

कुणाबरोबर यायचं नसेल तरी एकटे या. 25 तारखेला सकाळी यायचं ठरलं तर दुचाकी आणू नका, पेठेत जागा मिळत नाही. रिक्षावाल्याला "पंचहौद" एवढंच सांगा. आणि उपासना संपल्यावर लगेच फाटकाकडे वळू नका, अंगणात थांबा. चहा येतोच.