पेम्फिगस ‘मुळासकट’ घालवणाऱ्या पुडीपासून सावध राहा

माझे थोरले मामा परळीजवळच्या गावात शेती करतात. त्यांना पेम्फिगस व्हल्गॅरिस हा फोडांचा आजार आहे. आधी तोंडात फोड आले, भाकरीचा तुकडा गिळवेना. सगळे म्हणाले, उष्णता झाली. मग पाठीवर, छातीवर पाण्याचे फोड. फुटले की कातडी सोलून निघायची, बनियन चिकटायचं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात कातडीचा तुकडा तपासला तेव्हा रोग कळला. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनावर शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते. हा संसर्गजन्य नाही, कुणाची करणी तर नाहीच. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी फोड सुकायला लागले होते.

तेवढ्यात बाजारात तो औषधवाला भेटला. “मामा, ह्या गोळ्या हाडं खात्यात. फेकून द्या. आपली पुडी घ्या, मुळासकट जातंय.” स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, हे खरं आहे. त्या एका खऱ्यावर त्याने बाकीचं सगळं खोटं खपवलं. सोयाबीनचे 40 हजार गेले. पुडीवर नाव नाही, पैशाची पावती नाही.

आणि गुण आला! फसवणूक इथंच आहे. फोड बसले, भूक वाढली, चेहरा गोल झाला, गावात त्याची वाहवा झाली. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडतं. म्हणजे ज्या गोळीची भीती घातली, बहुधा तीच कुटून, मात्रा न सांगता, कितीतरी पट भावाने विकली. मामांचा चेहरा पाहूनच डॉक्टरांना तो संशय आला.

पुढे त्याने भाव वाढवला, मग फोनच उचलेना. पुडी संपली आणि मामांना उलट्या सुरू झाल्या, बीपी उतरलं, फोड आधीपेक्षा जोरात उठले. बरेच दिवस स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं. ते एकदम तुटलं तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. पुडीत किती होतं हेच माहीत नसल्यावर उतरवणार काय?

मामा वाचले. आता त्यांना रिटुक्सिमॅब हे उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारं औषध दिलंय. अमेरिकेत या रोगासाठी त्याला 2018 मध्ये मान्यता मिळाली. जंतुसंसर्गाची भीती राहते, तपासण्या चालू आहेत.

तुमच्या घरी कुणी अशी पुडी घेत असेल तर ती रागाच्या भरात एकदम बंद करू नका. उरलेली पुडी सोबत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि किती दिवसांपासून चालू आहे ते डॉक्टरांना खरं सांगा.