‘फ्लाक ३८’चं काडतूस म्हणून गळ्यात मारलेली नकली वस्तू

मी स्टुटगार्टला राहतो आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांची निकामी केलेली काडतुसं जमवतो. गेल्या वर्षी जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन बाजारातून ९० युरोला एक नग मागवला. जर्मन २० मिमी फ्लाक ३८ या विमानविरोधी तोफेचं, ट्रेसरवालं (उडताना जळत उजेडाची रेघ सोडणारं) स्फोटक काडतूस, १९४१ सालचं, आतून रिकामं, असं विक्रेत्याने छातीठोकपणे लिहिलं होतं. फोटो सगळे समोरून काढलेले, बुडाचा एकही नाही.

पार्सल आल्यावर फूटपट्टी लावली. फ्लाक ३० आणि ३८ या दोन्ही तोफांच्या काडतुसाची पुंगळी (जिच्या तोंडात गोळा बसवतात ती धातूची नळी) १३८ मिमी लांब असते आणि बुडाजवळच्या खाचेच्या वर धातूचं जाड कडं असतं. ही पुंगळी ११० मिमीची निघाली, कडं नाहीच. म्हणजे हिस्पानो नावाच्या दुसऱ्याच तोफेची. युद्धानंतर युगोस्लाव्हियाच्या एम ५५ विमानविरोधी तोफेतही हेच काडतूस चालायचं. बुडावरचे शिक्के कानशीने घासून काढले होते.

गोळ्याची तर कमालच. जर्मन रंगपद्धतीत ट्रेसरवाला स्फोटक गोळा पिवळा आणि चिलखतभेदी काळा. इथे पिवळा रंग होता, पण थिनरचा बोळा फिरवल्याबरोबर खालून चकचकीत ॲल्युमिनियम आणि लेथचे ताजे ओरखडे दिसले. खऱ्या गोळ्याचं अंग पोलादी असतं, त्याला चुंबक चिकटतं. याला चिकटलं नाही. तेव्हा पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून बुडाचा, पट्टी शेजारी ठेवलेला आणि चुंबक लावलेला फोटो मागाच. ३७ मिमीचा माल घेणार असाल तर फ्लाक ३६, ३७ आणि ४३ची पुंगळी २६३ मिमीची, तीही कड्याचीच.

पैसे परत मागितले, तर या माणसाने बदल्यात ‘खरं’ काडतूस देऊ केलं. शेतात सापडलेलं, गंजलेलं, तोंडावर फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) तसाच, आणि वर म्हणे आत काही नाही. निकामी केल्याची खूण म्हणून पुंगळीला पाडलेलं भोकही त्या फोटोत नव्हतं. हे वाचून मला खरंच संताप आला. यातल्या बऱ्याच स्फोटक गोळ्यांमध्ये ट्रेसर जळत शेवटाला पोचला की आतली स्फोटकं पेटायची सोय असायची, म्हणजे नेम चुकलेला गोळा आपल्याच माणसांवर न पडता हवेतच फुटावा. फ्यूज आणि स्फोटकं शाबूत असलेला असा गोळा ऐंशी वर्षांनीही हात उडवू शकतो. शिवाय असं चालू काडतूस परवान्याशिवाय जवळ ठेवणं जर्मनीत गुन्हा आहे. कुणी असलं काही देऊ केलं किंवा कुठे दिसलं, तर हात लावू नका. लांब जा आणि ११० नंबरवर पोलिसांना कळवा. ते स्फोटकं निकामी करणाऱ्या पथकाला बोलावतात.

मी त्या काडतुसाचे फोटो पोलिसांकडे दिले आणि बाजाराकडे तक्रार केली. विक्रेत्याचं खातं बंद झालं, माझे पैसे मात्र आले नाहीत. गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाच्या खात्यावर तसाच पिवळा गोळा दिसला, किंमत १२० युरो, आणि बुडाचा फोटो याही वेळी नाही.