आरोग्य क्षेत्रातील करिअर मार्गदर्शन सेवा : बायोडाट्याला न्याय, करारनाम्याकडे दुर्लक्ष

खास आरोग्य क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका सशुल्क ऑनलाइन करिअर मार्गदर्शन सेवेचे हे परीक्षण आहे. बायोडाट्याची तपासणी, मुलाखतीचा सराव, परदेशातील नोकरीविषयीची माहितीसत्रे आणि केलेल्या अर्जांची नोंद ठेवणारा तक्ता, असे तिचे स्वरूप आहे. मी अतिदक्षता विभागात परिचारिका असून रुग्णालय बदलण्याच्या विचारात असताना ही सेवा घेतली. तिचे नाव येथे देत नाही, कारण अशी कोणतीही सेवा घेताना नेमके काय पाहावे, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग बायोडाट्याच्या तपासणीचा आहे आणि त्याचे श्रेय, तपासणाऱ्या बाईंनी स्वतः अनेक वर्षे वॉर्डात पाळ्या केल्या आहेत, या गोष्टीला जाते. आपल्या क्षेत्रातील बहुतेक बायोडाटे एकमेकांची नक्कल वाटावेत इतके सारखे असतात. ‘रुग्णांची शुश्रूषा केली, डॉक्टरांच्या सूचनेनुसार औषधे दिली, नोंदी ठेवल्या’ ही ओळ माझ्याही बायोडाट्यात होती. तिच्यासमोर समासात प्रश्नांची रांगच लागून आली. विभागात खाटा किती? एका पाळीत तुमच्याकडे रुग्ण किती आणि त्यांपैकी व्हेंटिलेटरवर किती? नॉरअ‍ॅड्रेनालिन या रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचे इन्फ्युजन (शिरेतून सतत दिला जाणारा डोस) तुम्ही स्वतः कमीजास्त करत होता का? डायलिसिसचे यंत्र हाताळले आहे का? नव्याने रुजू झालेल्यांना कोण शिकवत होते? ही उत्तरे मिळाल्यावर तीच ओळ अशी झाली : ‘१२ खाटांचा मेडिकल आयसीयू, प्रत्येक पाळीत २ रुग्ण, त्यांपैकी किमान एक व्हेंटिलेटरवर, रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांचे इन्फ्युजन लिखित प्रोटोकॉलनुसार कमीजास्त करणे, नव्या परिचारिकांचे प्रशिक्षण.’ यात एकही शब्द फुगवलेला नाही, तरी उमेदवार पहिल्या महिन्यात कोणत्या प्रकारचा रुग्ण सांभाळू शकेल याचा अंदाज वाचणाऱ्या नर्सिंग अधीक्षकांना लगेच बांधता येतो. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची आणि बीएलएस, एसीएलएस या (हृदय बंद पडल्यास करायच्या प्राथमिक व प्रगत जीवरक्षक उपचारांच्या) प्रमाणपत्रांची मुदत कधी संपते, हे पहिल्याच पानावर लिहिण्याचा त्यांचा आग्रहही योग्य होता. अमेरिकन हार्ट असोसिएशनची ही प्रमाणपत्रे दोनच वर्षे वैध असतात, त्यामुळे तारखेविना केलेला त्यांचा उल्लेख जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

मुलाखतीचा सरावही तितक्याच गांभीर्याने घेतला जातो. ‘डॉक्टरांची ऑर्डर तुम्हाला चुकीची वाटली तेव्हा तुम्ही काय केले?’ हा प्रश्न हमखास येतो आणि आपल्यापैकी अनेकांचे उत्तर ‘डॉक्टरांना कळवले’ येथेच संपते. सराव घेणाऱ्यांनी हे उत्तर एसबीएआर पद्धतीने मांडायला लावले : परिस्थिती काय होती, रुग्णाची पार्श्वभूमी काय, माझे मूल्यमापन काय आणि मी सुचवले काय. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली ही पद्धत आपण हँडओव्हरच्या (पाळी बदलताना रुग्णाची माहिती सोपवण्याच्या) वेळी रोज वापरतो, पण मुलाखतीत तीच आपल्या निर्णयक्षमतेचा पुरावा ठरू शकते, हे फारसे कोणी सांगत नाही. उदाहरण देताना रुग्णाची ओळख पटेल असा एकही तपशील येता कामा नये, हे त्यांनी वारंवार बजावले आणि त्याबद्दल मला विशेष आदर वाटतो.

मात्र ही सारी गुणवत्ता परिचारिकांपुरतीच मर्यादित आहे. प्रयोगशाळा तंत्रज्ञ असलेल्या माझ्या एका स्नेह्यांनी हीच सेवा घेतली, तेव्हा त्यांनाही खाटांची संख्या विचारणारा नमुना पाठवण्यात आला. कोणत्या अ‍ॅनालायझरवर काम केले, रोजचे नमुने साधारण किती, गुणवत्ता नियंत्रणाची जबाबदारी कोणाकडे होती, यांतले काहीही त्यांना विचारले गेले नाही. ‘आरोग्य क्षेत्रासाठी’ अशी जाहिरात करणाऱ्या सेवेकडून फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट आणि रेडिओग्राफर यांनीही तेवढ्याच नेमकेपणाची अपेक्षा केली, तर त्यात गैर काही नाही. अर्जांच्या तक्त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. ते काम साध्या वहीतही होते.

परदेशाविषयीची सत्रे माहितीने भरलेली आहेत. ओईटी ही इंग्रजी भाषेची परीक्षा असून ती आरोग्य क्षेत्रातील १२ व्यवसायांसाठी घेतली जाते, तिच्या लेखन विभागात रुग्णाच्या नोंदींवरून रेफरलसारखे पत्र लिहावे लागते, तर एनसीएलईएक्स-आरएन ही अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करण्याच्या परवान्याची परीक्षा आहे, हा फरक त्यांनी अतिशय स्पष्ट केला. एनसीएलईएक्स-आरएनमध्ये उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न ठरतो, प्रश्नांची संख्या ८५ ते १५० या दरम्यान राहते आणि एप्रिल २०२३ पासून तीत रुग्णकथांवर आधारित निर्णयक्षमता तपासली जाते, हेही नीट समजावले. एवढी मेहनत घेणाऱ्यांनी एजंटच्या शुल्काचा विषय मात्र पूर्णपणे टाळला, याचे मला मनापासून वाईट वाटते. खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून सर्वसाधारणपणे शुल्क घेऊ नये, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली आणि मनुष्यबळाची तीव्र टंचाई असलेल्या ५५ देशांची यादी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. त्या देशांतून सक्रिय भरती करू नये, अशी अपेक्षा आहे. स्वतःहून अर्ज करणाऱ्या व्यक्तीचा हक्क त्यामुळे हिरावला जात नाही. कर्ज काढून एजंटचे पैसे भरणाऱ्या उमेदवाराला ही माहिती परीक्षेच्या तारखांपेक्षाही आधी मिळायला हवी.

हीच उणीव शेवटच्या टप्प्यावरही जाणवते. नेमणूकपत्र हाती आल्यावर मी त्यांच्याकडे करारनाम्याबद्दल विचारणा केली, तेव्हा ‘ते एचआरशी बोलून घ्या’ एवढेच उत्तर आले. ज्यांना तीन-चार वर्षांचा अनुभव आहे पण तो कागदावर मांडता येत नाही, अशा परिचारिकांनी बायोडाटा आणि मुलाखत या दोन भागांसाठी ही सेवा अवश्य घ्यावी. सहीपूर्वी मात्र एका पाळीत किती रुग्ण असतील, स्वतंत्रपणे काम देण्यापूर्वी किती आठवडे प्रशिक्षण मिळेल, दुसऱ्या विभागात पाठवले जाईल का, बॉन्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) मोडल्यास किती रक्कम भरावी लागेल आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात राहतील, हे त्यांनी रुग्णालयाकडून स्वतःच लेखी मागून घ्यावे.