दोन कॉम्प्युटर जोडून देतो म्हणून माझे ४७ हजार नेले

काळ्या रंगाची, साधारण वहीएवढी पत्र्याची पेटी. पुढे निळा दिवा, मागे केबल लावायला पाच खाचा, आणि चारही स्क्रूंच्या डोक्यावर गोंद ओतलेला. अशी पेटी कुणी ‘ऑडिओ सिंक बॉक्स’ म्हणून तुमच्या घरी बसवली असेल किंवा बसवायला येणार असेल, तर आधी हे वाचा. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते आहे.

मी मंगळवार पेठेत राहते. गाण्याचे क्लास घेते आणि माडीवरच्या खोलीत गेली नऊ वर्षं छोटा स्टुडिओ चालवते. शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, महिला मंडळांची भजनं, नवरात्रात अंबाबाईची गाणी. तबला, टाळ, हार्मोनियम माणसं बसवून वाजवून घेते. व्हायोलिनचा ताफा, सनई, बासरी कॉम्प्युटरमधली. ही कॉम्प्युटरमधली वाद्यं म्हणजे खऱ्या वाद्याच्या एकेका सुराचं रेकॉर्डिंग असतं आणि ते वाजवायचं तर मेमरीत भरावं लागतं. माझ्या कॉम्प्युटरला १६ जीबी रॅम, मदरबोर्ड जुना, त्यात याहून जास्त बसत नाही. पाच-सहा मोठी वाद्यं भरली की आवाज तुटायला लागायचा. मग एकेक ट्रॅक फ्रीझ करायचा, म्हणजे त्या वाद्याचं तयार रेकॉर्डिंग करून मेमरी मोकळी करायची, आणि गाणाऱ्या बायकांनी पट्टी अर्ध्या सुराने खाली मागितली की सगळं परत उघडायचं. रात्रीचे दोन-दोन वाजायचे.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला. त्याचा कॉम्प्युटर इथेच होता, त्यालाही १६ जीबी रॅम. तो कामाला लावता येईल का, हे मी दोन-चार जणांना विचारलं होतं. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी एक नंबर दिला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या ओळखीच्या मंडळाची साउंड सिस्टीम या माणसाने नीट लावून दिली होती.

जूनमध्ये तो घरी आला. तिशीचा असेल. चप्पल दाराबाहेर काढली, देवाला नमस्कार केला, खोली बघितली. “वहिनी, एवढा चांगला कॉम्प्युटर धूळ खात ठेवलाय व्हय? सगळी वाद्यं ह्यात टाकू. तुमचा मेन कॉम्प्युटर नुसतं गाणं चालवंल. दोन्ही जोडून देतो, काय बी टेन्शन घेऊ नका.”

इथपर्यंत त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं. सिनेमाचं पार्श्वसंगीत करणारे लोक वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत: एका कॉम्प्युटरवर गाणं, बाकीच्यांवर वाद्यांचे नमुने, मध्ये नेटवर्कची केबल. त्यासाठी व्हिएन्ना एन्सेम्बल प्रो नावाचं विकतचं सॉफ्टवेअर आहे, आणि ऑडिओग्रिडरसारखं फुकटही आहे. मला तेव्हा यातलं एकही नाव माहीत नव्हतं. त्यानेही सांगितलं नाही.

खोटं सुरू झालं ते ‘क्लॉक’ या शब्दापासून. क्लॉक म्हणजे साउंड कार्डचा आवाज ठरावीक गतीने चालवणारं आतलं घड्याळ. “दोन कॉम्प्युटरचं क्लॉक जुळलं नाही तर आवाज फाटतो, वहिनी. म्हणून मध्ये सिंक बॉक्स लागतो. मुंबईहून मागवावा लागंल.” क्लॉक जुळवणं ही गोष्ट खरी आहे, पण ती कधी? दोन्ही कॉम्प्युटरना वेगवेगळं साउंड कार्ड असेल आणि ती कार्डं एसपीडीआयएफ किंवा एडॅट या डिजिटल आवाजाच्या केबलने एकमेकांना जोडलेली असतील तर. तेव्हा एक कार्ड मालक आणि दुसरं त्याच्या तालावर चालणारं, असं ठरवावंच लागतं. नाहीतर मधूनमधून टिक्‌टिक्‌ येते. माझ्याकडे साउंड कार्ड एकच, मेन कॉम्प्युटरला. दुसऱ्या कॉम्प्युटरकडून आवाज येणार तो नेटवर्कवरून, नुसत्या आकड्यांच्या गठ्ठ्यांनी. तिथे जुळवायला दुसरं क्लॉकच नाही. खऱ्या गोष्टीचा तुकडा उचलून त्याने तो चुकीच्या जागी लावला. मी तालात वाढलेली बाई, ‘दोघांचा ताल जुळायला हवा’ हे मला लगेच पटलं.

बॉक्सचे २४ हजार, ‘लाइफटाइम लायसन्स’चे साडेबारा हजार, बसवण्याचे ३ हजार. त्या महिन्यात माझी भिशी लागली होती, त्यातूनच दिले. पैसे यूपीआयने घेतले, पण खातं एका बाईच्या नावाचं. “मिसेसचं हाय.” बिल म्हणून छापील पॅडवर हाताने लिहिलेला कागद, त्यावर जीएसटी नंबर नाही. विचारलं तर म्हणाला, “बिलात घेतलं तर अठरा टक्के वाढत्यात, वहिनी, तुमच्यासाठी वाचवलं.” मला ते आपुलकीचं वाटलं.

लावून झाल्यावर त्याने तीन वाद्यं वाजवून दाखवली. सुरेख वाजली. कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं असं ते व्हायोलिन माझ्या खोलीत घुमलं. मी त्याला चहा दिला, आईने केलेल्या चकल्या बांधून दिल्या.

जुलैत पहिलं मोठं गाणं घेतलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सोळा स्टिरिओ ट्रॅक येत होते आणि आवाज पहिल्यासारखाच तुटायला लागला. फोन केला की तो लांबूनच माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचा, काहीतरी हलवायचा, म्हणायचा, “मेमरी कमी पडत्या.” मी वाद्यं कमी केली. पेटी उघडून बघावी असं एकदा मनात आलं होतं, पण खाली कागद चिकटवलेला: उघडल्यास वॉरंटी रद्द.

सप्टेंबरच्या अखेरीस, घटस्थापनेला आठवडा राहिला असताना, सकाळी दुसरा कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर लाल पाटी: लायसन्स संपले, नूतनीकरण करा. आमच्या पेठेतल्या महिला मंडळासाठी ललितापंचमीचं गाणं चालू होतं. त्या दिवशी अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, कोहळा फुटतो, आणि हे गाणं वाटेवर लावायचं ठरलेलं. तारीख पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती. लाइफटाइम म्हणाला होतात ना, असं विचारल्यावर उत्तर आलं, “लाइफटाइम बॉक्सचं, वहिनी. सॉफ्टवेअरचं वर्षाचं असतंय, त्यातबी कंपनीनं नियम बदलला.” १५ हजार मागितले. मी निम्मे, साडेसात हजार, त्याच दुपारी पाठवले. तासाभरात पाटी गेली. एकूण ४७ हजार.

तरी आवाज तुटायचा तो तुटतच राहिला. शेवटी भजनी मंडळातल्या एका काकूंचा मुलगा आला. तो घरोघरी इंटरनेटची आणि कॅमेऱ्यांची केबल ओढतो, संगीताशी त्याचा संबंध नाही. त्याने पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन इथरनेटचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लिंक स्पीड, म्हणजे केबलमधून माहिती जायचा वेग, १०० मेगाबिट. “काकू, दोन्ही कॉम्प्युटरला गिगाबिट पोर्ट आहे. इथे १००० दिसायला पाहिजे. मधलं काहीतरी अडवतंय.”

मधलं म्हणजे पेटी. मी म्हटलं, उघड. गोंद तापवून स्क्रू काढले. आत कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणारा साधा पाच पोर्टचा नेटवर्क स्विच, १०० मेगाबिटचा, त्याचं प्लास्टिकचं आवरण काढून पत्र्यावर गोंदाने चिकटवलेला. बाजूला निळ्या दिव्याची पट्टी. बाकी काही नाही. असा स्विच दुकानात काही शे रुपयांना मिळतो.

त्या रात्री त्या मुलाने मला कागदावर हिशेब करून दाखवला. तो इथे देते, कारण हे एकदा कळलं की पुन्हा कुणी ‘मेमरी कमी पडत्या’ म्हणून गप्प करू शकत नाही. ४८ किलोहर्ट्झला, ३२ बिटमध्ये, एका स्टिरिओ ट्रॅकला सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट लागतात. सोळा ट्रॅकचे ४९. हे १०० च्या आतच आहे, मग तुटतं का? तर आवाजाचा पुढचा तुकडा तयार करायला कॉम्प्युटरला जी मुदत मिळते ती बफर. माझा बफर ५१२ सॅम्पलचा, म्हणजे १०.७ मिलिसेकंदांचा. तेवढ्यात दुसऱ्या कॉम्प्युटरने सोळा वाद्यांचा आवाज तयार करायचा, केबलमधून पाठवायचा, आणि पहिल्याने तो मिसळून स्पीकरला द्यायचा. १०० च्या वाटेने नुसत्या पाठवण्यातच ५ मिलिसेकंदांहून जास्त जातात. निम्मा वेळ रस्त्यातच संपला. गिगाबिटला हेच काम अर्ध्या मिलिसेकंदात होतं. तीन वाद्यं म्हणूनच सुरेख वाजली होती.

सॉफ्टवेअरचं तर याहून वाईट. डेस्कटॉपवर त्याने स्वतःच्या नावाचं चिन्ह ठेवलं होतं. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर चालू असलेल्या प्रोग्रामचं नाव ऑडिओग्रिडर सर्व्हर. फुकट मिळणारं, कुणालाही उतरवून घेता येणारं. त्याला लायसन्सची मुदत नसतेच. मग लाल पाटी कुठून आली? विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप करणाऱ्या सोयीत, त्याने एक नोंद करून ठेवली होती: ठरलेल्या तारखेला सर्व्हर बंद करायचा आणि पाटी दाखवायची. पुढची तारीखही घातलेली होती, मार्चमधली. वार्षिक परीक्षेआधी गाण्याच्या क्लासचा कार्यक्रम असतो, हे मीच त्याला गप्पांमध्ये सांगितलं होतं.

हे वाचून मी बराच वेळ जिन्यात बसून राहिले. पैशापेक्षा मला त्या तारखांनी जास्त दुखावलं. माझ्या घरात चहा पिताना तो माझी अडचणीची वेळ टिपून घेत होता.

आणखी एक. लांबून शिरण्याच्या सॉफ्टवेअरला त्याने कायमचा पासवर्ड घालून ठेवला होता. मी होय म्हणण्याची गरजच नव्हती, कॉम्प्युटर चालू असेल तेव्हा तो केव्हाही आत येऊ शकत होता. त्याच कॉम्प्युटरवर माझं बँकेचं काम चालतं, विद्यार्थिनींचे फोन नंबर आहेत, अजून बाहेर न आलेली गाणी आहेत. ते सॉफ्टवेअर काढलं, दुसऱ्याच्या मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं. तुमच्याकडे कुणी लांबून दुरुस्ती करून देत असेल, तर काम झाल्या झाल्या ते सॉफ्टवेअर काढून टाका, ‘पुढच्या वेळी लागेल’ म्हणून ठेवू नका.

खरी जोडणी कशी झाली, तेही सांगते. पेटी बाजूला ठेवली. कॅट ६ ची एक केबल घेतली, दोन्ही टोकं थेट दोन कॉम्प्युटरमध्ये. आजच्या गिगाबिट पोर्टना उलट्या जोडणीची खास केबल लागत नाही. मेन कॉम्प्युटरला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२ असा पत्ता, दोन्हीकडे सबनेट २५५.२५५.२५५.०, गेटवेची जागा रिकामी. इंटरनेट वायफायवरून. लिंक स्पीड १००० दिसला. ऑडिओग्रिडर त्याच्या मूळ ठिकाणावरून नव्याने उतरवला, दोन्हीकडे एकाच आवृत्तीचा. पॉवर सेटिंगमध्ये झोपेची आणि वीज वाचवण्याची सोय बंद केली. गाणारी माणसं माइकसमोर असतात तेव्हा वाद्यं फ्रीझ करून बफर लहान करते, मिक्सिंगला परत ५१२. केबलच्या मुलाने हे सगळं दीड तासात केलं आणि केबलचे तेवढे पैसे घेतले. सोळा काय, बावीस ट्रॅक वाजले. ललितापंचमीचं गाणं आदल्या रात्री पूर्ण झालं.

एक खबरदारी घ्या: विकत घेतलेली वाद्यं दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकण्याआधी त्यांच्या परवान्यात किती कॉम्प्युटरची मुभा आहे ते बघा. काहींना एकाचीच असते.

तक्रारीचं सांगायचं तर, मी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण जूनचे पैसे कधीच खात्यातून निघून गेले होते. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल तितकी ते थांबवता येण्याची शक्यता जास्त. मला तीन महिने कळलंच नाही. त्याने राजारामपुरीतल्या ज्या गल्लीत ऑफिस सांगितलं होतं, तिथे शिवणक्लास निघाला. त्या बाईंनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे: पेटीचे फोटो, यूपीआयच्या पावत्या, शेड्यूलरच्या नोंदीचा फोटो, सगळं जोडून. शेड्यूलरची नोंद रागाने आधी पुसू नका, तोच पुरावा आहे.

जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज तयार होतो आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. “तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही” असं मला एकाने सांगितलं होतं. ते बरोबर नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात धरलेली आहे. मी माझ्या हातांनी हा स्टुडिओ चालवते, आणि तसंच अर्जात लिहिलं आहे.

गेल्या आठवड्यात गडहिंग्लजहून एका भजनी मंडळाच्या बुवांचा फोन आला. त्यांच्याकडे तीच पेटी आहे, ३१ हजारांना. पाटी अजून आलेली नाही. मी त्यांना फोनवरच शेड्यूलर उघडायला लावला आणि तारीख वाचून दाखवा म्हटलं. आषाढी एकादशीच्या चार दिवस आधीची निघाली. त्यांनी फोटो काढून पाठवला आहे. तो आता माझ्या तक्रारीला जोडते आहे.