कुंडीतील रोपांच्या हिवाळ्यासाठी पॉलिटनेल: संपूर्ण हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

कडक गोठणाच्या काळात रोपवाटिकेतील कुंड्या सांभाळण्यासाठी कमानीचे, बिनतापकाचे पॉलिटनेल (कमानींवर प्लास्टिकचा कागद ताणून केलेला बोगदा) एक पूर्ण हंगाम वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ही रचना ऊब देण्यासाठी नसून थंडीतील चढउतार कमी करण्यासाठी आहे. आतल्या हवेचे पहाटेचे तापमान बाहेरच्यापेक्षा थोडेच जास्त राहते, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याला खर्च वाया गेला असेच वाटेल.

खरा प्रश्न मुळांचा असतो. जमिनीतल्या मुळांना भोवतालच्या मातीचे संरक्षण मिळते, तर कुंडीतली मुळे कडेला टेकून वाढलेली असतात आणि थंडी तिथे थेट पोहोचते. फांद्यांना उणे 20 अंश सेल्सिअस सहज सोसणाऱ्या कित्येक झुडपांची कोवळी मुळे उणे 5 अंशांच्या आसपासच मरतात. शिवाय नुकसान लगेच दिसत नाही. पाने हिरवीच राहतात आणि उष्मा वाढू लागला की झाड अचानक मान टाकते. म्हणून मी मधूनमधून एखादी कुंडी उलटी करून मातीचा गोळा पाहत असे. जिवंत मूळ पांढरट आणि घट्ट असते. मेलेले तपकिरी पडते आणि चिमटीत धरून ओढले की वरची साल निसटून आतला दोरा तेवढा हातात राहतो. टनेलच्या मध्यभागी एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या कुंड्यांत असे मूळ क्वचितच दिसले, कागदालगतच्या रांगेत मात्र ते पुष्कळ होते. त्या रांगेत आता फक्त काटक जातीच ठेवायच्या, हे ठरवून टाकले आहे.

कागद दुधी रंगाचाच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. पारदर्शक कागदाखाली हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हातही दुपारी आतली हवा चांगलीच तापते, कळ्या अवेळी जाग्या होतात आणि रात्रीच्या गोठणात करपतात. दुधी कागदाने हा धोका बराच कमी होतो. सुमारे 100 मायक्रॉन जाडीचा कागद एका हंगामाचाच समजावा. त्याहून अधिक काळ हवा असेल तर 150 ते 200 मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा कागद परवडतो. प्रोफाइल (कागद अडकवण्याची धातूची खाचपट्टी) आणि तिच्यात बसणाऱ्या झिगझॅग स्प्रिंगची (नागमोडी तारेची) पकड वाऱ्यात उत्तम टिकली, परंतु जोडांवरील बोल्टची डोकी बाहेर आलेली असल्याने तिथे कागद घासून फाटला. बांधणी करणाऱ्याने ती गुंडाळून द्यायला हवी होती.

पाण्याच्या बाबतीत सामान्य समज उलटा आहे. गोठण येण्यापूर्वी कुंड्या भिजवून ठेवाव्यात, कारण पाणी गोठताना किलोमागे सुमारे 334 किलोज्यूल उष्णता सोडते आणि तोवर माध्यम (कुंडीतले मातीमिश्रण) शून्य अंशाच्या जवळ रेंगाळते. कोरडे माध्यम भराभर थंड होते. भर हिवाळ्यातही सदाहरित रोपांच्या कुंड्या उचलून वजन पाहणे चुकवू नये.

सर्वांत कंटाळवाणे काम हवा खेळती ठेवण्याचे. बंद टनेलमध्ये सकाळी कागदाच्या आतून पाणी ठिबकते, पाने ओली राहतात आणि करडी बुरशी धरते. ऊन पडताच दोन्ही टोकांची दारे उघडणे आणि सूर्य कलण्यापूर्वी लावणे, हे काम कोणीतरी रोज करण्याची तयारी नसेल तर टनेल घेऊ नये. उंदरांचा बंदोबस्तही आधीच करावा, कारण आडोसा मिळताच ते बुंध्याची साल गोल कुरतडतात आणि साल पूर्ण वेढ्याने गेलेले रोप वाचत नाही.

वसंतात कागद एकदम न काढता आधी बाजूंना भोके पाडली आणि पुढे ढगाळ दिवस पाहून तो उतरवला. पाने भाजली नाहीत.

याहून तीव्र थंडीत एकेरी कागद पुरेल असे मला वाटत नाही. तिथे दोन थर लावून मध्ये लहान पंख्याने हवा भरल्यास उष्णतेची गळती साधारण एक तृतीयांशाने घटते, पण वीज गेली की थर एकमेकांवर बसतात. तेव्हा पर्यायी विजेची सोय पंख्यासोबतच करून ठेवावी लागेल.